नकाशाचं माप आणि डॉर्सेटच्या पाच वाटा

१८ मार्च २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रश्नाचं उत्तर दिलं. १:५०,००० मापाचा नकाशा संगणकावर मोठा करून १:२५,००० वर छापला, तर तो १:२५,००० मापाचा नकाशा म्हणायचा की नाही? पाचपैकी तीन न्यायमूर्ती म्हणाले, म्हणायचा. दोघे म्हणाले, नाही. एवढ्या एका मताच्या फरकावर दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट काउंटीतल्या पाच कच्च्या वाटांवरून मोटारसायकल नेण्याच्या हक्काचा दावा तगला. दावा तगला म्हणतोय, हक्क मिळाला असं म्हणत नाही. तो फरक पुढे येईलच.

ट्रेल रायडिंगवर, म्हणजे कच्च्या वाटांवरून मोटारसायकल चालवण्यावर, आपण जे वाचतो ते बहुतेक गाडी, टायर, सस्पेन्शन आणि चिखलाबद्दल असतं. वाट कुणाची, ती कुठून आली, पुढच्या वर्षी राहील का, हे प्रश्न शेवटच्या परिच्छेदात ‘जबाबदारीने चालवा’ एवढ्यावर उरकतात. डॉर्सेटचं प्रकरण मला भावतं ते यासाठी की त्यात मोटारसायकल जवळजवळ दिसतच नाही. अर्ज, जोडपत्रं, मुदती आणि एक फूटपट्टी, एवढीच पात्रं.

पाणंद, पण डॉर्सेटची

इंग्लंडमध्ये जिला ‘ग्रीन लेन’ म्हणतात ती आपली पाणंद. दोन्ही अंगांना झाडोरा, मधून गाडीच्या दोन चाकोऱ्या, चाकोऱ्यांच्या मध्ये गवताचा पट्टा. आपल्या गाव नकाशावर तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीवाट आणि तुटक एकेरी रेष म्हणजे पायवाट. पाणंद अडवली की तहसीलदारापुढे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली जे खटले चालतात, त्यांत कित्येकदा सगळा जीव त्या एका रेषेत असतो. इंग्लंडमध्येही ‘ग्रीन लेन’ हा बोलण्यातला शब्द. कायद्यासाठी ती वाट पायवाट आहे, घोडेवाट आहे, की सर्व वाहनांना खुला असा ‘बायवे’ आहे, हे ठरावं लागतं. आणि ते ठरतं काउंटीच्या ‘डेफिनिटिव्ह मॅप’वर, म्हणजे हक्कांच्या अधिकृत नकाशावर.

डॉर्सेटच्या पश्चिमेला जमिनीखाली मऊ वालुकाश्म आहे. शतकानुशतकं गाड्यांची चाकं, गुरांचे खूर आणि पावसाचं पाणी यांनी मिळून तिथल्या काही वाटा जमिनीत इतक्या खोल उतरवल्या आहेत की दोन्ही बाजूंच्या भिंती माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जातात आणि वरची झाडं एकमेकांत गुंतून छत धरतात. यांना ‘हॉलोवे’ म्हणतात. तिथून थोडं पूर्वेला सरकलं की खडूच्या दगडाची बोडकी टेकाडं. उन्हात डोळे दिपवणारी पांढरी वाट पावसात साबणाच्या वडीसारखी होते.

अशा वाटेवर मोटारसायकल चालवण्यात वेगाला जागा नसते. अडीचशे सीसीची हलकी गाडी, दुसरा गिअर, फूटपेगवर उभं राहून नजर दहा-पंधरा मीटर पुढे. समोरून घोडेस्वार आला की थांबायचं, इंजिन बंद करायचं, घोडा निघून जाईपर्यंत हलायचं नाही. ‘ट्रेल रायडर्स फेलोशिप’ ही या मंडळींची राष्ट्रीय संघटना १९७० पासून आहे आणि लहान गट, कमी वेग, पायी व घोड्यावरच्या माणसाला आधी वाट, हे तिच्या आचारसंहितेचे मूळ नियम आहेत.

यात एक गंमत आहे, आणि ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. हे रायडर स्वतःला ‘ऑफ-रोड’ म्हणवून घेत नाहीत, कारण कायद्याच्या दृष्टीने ते रस्त्यावरच असतात. बायवे हा रस्ता आहे, डांबर नसलेला. त्यावर नंबरप्लेट लागते, विमा लागतो, परवाना लागतो. रस्ता नसलेल्या जागी गाडी घालणं हा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम ३४ खाली गुन्हा आहे. म्हणजे सगळा प्रश्न एकच: ही वाट कागदावर कोण आहे?

इंग्लंडमध्ये सार्वजनिक हक्काच्या वाटांचं जाळं सुमारे १,९०,००० किलोमीटरचं. त्यातल्या बहुसंख्य पायवाटा, मग घोडेवाटा. मोटार वाहनांना खुले बायवे ३,७०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शंभरात दोन.

घोडागाडीचा वारसा

इंग्लिश कॉमन लॉमध्ये एक जुनं सूत्र आहे: एकदा रस्ता झाला की तो कायमचा रस्ता. कुणी वापरला नाही, गवत वाढलं, फाटक घातलं, तरी रीतसर आदेशाने बंद केल्याखेरीज तो मरत नाही. त्याला जोडून दुसरं सूत्र असं की एखाद्या वाटेवर लोकांना घोडागाडी नेण्याचा हक्क होता असं सिद्ध झालं, तर तिथे मोटारही नेता येते, कारण कायद्याला वाहन ते वाहन.

म्हणून ट्रेल रायडरचा खरा पुरावा गॅरेजमध्ये नसतो, अभिलेखागारात असतो. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले दशमांश कराचे नकाशे, कुरणांच्या वाटणीचे निवाडे, १९१० च्या जमीन मूल्यांकनाचे नकाशे. त्या शेवटच्यांत खाजगी जमिनींना रंग दिलेला असतो आणि सार्वजनिक रस्ता बहुधा बिनरंगी सोडलेला असतो. कागदावरची ती पांढरी पट्टी शोधायला माणसं डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्ट्री सेंटरमध्ये आणि लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दिवसचे दिवस बसतात. फेरफार आणि जुने सातबारे धुंडाळणाऱ्या आपल्या माणसांना हे चित्र नवं वाटू नये. फरक एवढाच की यांना त्यातून गुंठाभरही जमीन मिळणार नसते.

डेफिनिटिव्ह मॅपची सुरुवात १९४९ च्या कायद्याने झाली. त्यावर एखादी वाट पायवाट म्हणून नोंदलेली असेल तर तिथे निदान पायी जाण्याचा हक्क आहे हे निर्विवाद. पण त्याहून मोठा हक्क नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. ही फट महत्त्वाची. १९५० च्या दशकात घाईघाईत पायवाट म्हणून नोंदलेली वाट मुळात गाडीरस्ता होती हे दाखवता आलं, तर वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्ट १९८१ खाली नकाशा दुरुस्त करून मागता येतो. अर्ज कुणीही करू शकतो.

दुसरी बाजू इथेच सांगून टाकतो, कारण ती खोटी नाही. ज्या वाटेवर वर्षानुवर्षं फक्त कुत्रे फिरवणारे लोक आणि घोडेस्वार होते, तिथे १८४० च्या नकाशाच्या जोरावर अचानक मोटारसायकली आणि चार-चाकी जीप येऊ लागल्या. ओल्या हिवाळ्यात चाकोऱ्या गुडघाभर खोल गेल्या, त्यांतून पाणी वाहू लागलं, शांतता गेली. ग्रीन लेन्स एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन मूव्हमेंटसारख्या संघटना यातूनच उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घोडागाडीच्या काळातल्या माणसाने दिलेला हक्क इंजिनाला कसा लागू पडतो? रायडर म्हणतात, नुकसान करणारे बहुतेक बिननंबरप्लेटचे, आणि बंदी मात्र आम्हाला लागू होते. हेही खरं आहे. तरी मला वाटतं, नियम पाळणाऱ्या सहा गाड्यांचा गटही ओल्या वाटेवरून गेला की खूण सोडतोच, आणि ते मान्य न करता केलेला युक्तिवाद गावात कुणाला पटत नाही.

खिडकी बंद व्हायच्या आत

डिसेंबर २००३ मध्ये सरकारने या विषयावर लोकांची मतं मागवली. पुराव्यातल्या घोडागाडीतून मोटारीचा हक्क निघण्याची वाट बंद करायची, असा रोख स्पष्ट होता. रोख कळताच देशभर ट्रेल रायडर आणि त्यांचे सहकारी कामाला लागले आणि अर्जांचा लोंढा सुरू झाला. २० जानेवारी २००५ रोजी सरकारने आपला निर्णय जाहीर केला.

पुढे नॅचरल एन्व्हायर्नमेंट अँड रूरल कम्युनिटीज अ‍ॅक्ट २००६ आला. इंग्लंडमध्ये त्याचं कलम ६७ लागू झालं २ मे २००६ रोजी. त्या दिवशी, डेफिनिटिव्ह मॅपवर बायवे म्हणून नोंद नसलेल्या वाटांवरचे मोटार वाहनांचे हक्क एका फटक्यात संपले. अपवाद थोडे ठेवले होते: आधीच्या पाच वर्षांत वाटेचा मुख्य वापर मोटारींचाच असेल, कौन्सिलच्या (तिथल्या स्थानिक शासनसंस्थेच्या) देखभालीच्या रस्त्यांच्या यादीत ती असेल, किंवा १ डिसेंबर १९३० पूर्वीच्या मोटारींच्या वापरातूनच ती निर्माण झाली असेल, वगैरे. ही १९३० ची तारीख उगाच नाही. पायवाटेवर मोटार घालणं गुन्हा ठरवणारा कायदा त्या दिवशी अमलात आला होता.

आणि एक अपवाद असा: २० जानेवारी २००५ पूर्वी बायवेच्या नोंदीसाठी अर्ज केलेला असेल, तर त्या वाटेवरचा हक्क तूर्त शाबूत. अर्जाचा निकाल पुराव्यावर लागेल.

ज्या वाटांचा हक्क संपला त्यांतल्या पुष्कळ ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’ झाल्या. तिथे पायी जा, घोड्यावर जा, सायकलने जा, घोडागाडी हाका, चालेल. मोटारसायकल तेवढी नाही. बैलगाडीला मोकळा आणि बुलेटला बंद असा रस्ता डोळ्यांसमोर आणला की कायदा काय म्हणतो ते लगेच कळतं.

डॉर्सेटमध्ये वाटांसाठी काम करणाऱ्या एका स्थानिक गटाच्या वतीने २००४ च्या उत्तरार्धात अर्ज दाखल झाले. तारखेच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. पण कलम ६७ मध्ये एक पोटकलम होतं, ज्याकडे सुरुवातीला फार कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्ज ‘केला’ असं कधी मानायचं? तर तो १९८१ च्या कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टातल्या पहिल्या परिच्छेदानुसार केलेला असेल तेव्हाच. त्या परिच्छेदाच्या मागण्या दोन. विहित मापाला काढलेला आणि वाट दाखवणारा नकाशा, आणि अर्जदार ज्यांचा आधार घेतो त्या कागदपत्रांच्या प्रती. विहित माप १९९३ च्या नियमांत होतं: १:२५,००० पेक्षा लहान नाही, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर निदान चार सेंटिमीटरचा.

विंचेस्टरची ठेच

पहिला दणका शेजारच्या हॅम्पशरमध्ये बसला. तिथल्या वाटांसाठी केलेल्या अर्जांत पुराव्याच्या कागदपत्रांची यादी होती, पण प्रती जोडलेल्या नव्हत्या. पूर्वी हे चालून जायचं, कारण कौन्सिलचा अधिकारी स्वतः अभिलेखागारात जाऊन ती कागदपत्रं पाहू शकत होता. जमीनमालक असलेल्या विंचेस्टर कॉलेजने आव्हान दिलं आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की प्रती नाहीत, तर अर्ज नियमानुसार नाही, आणि अर्ज नियमानुसार नाही म्हणजे या कलमापुरता तो केलेलाच नाही. हक्क गेला.

देशभरातल्या कौन्सिलांनी मग जुन्या फायली उघडल्या. ज्या अर्जांत काही ना काही उणं निघेल ते एका शेऱ्यात निकाली काढता येणार होते, आणि वाटेच्या इतिहासात शिरायची गरजच उरणार नव्हती. मी याला दुष्टपणा म्हणणार नाही. वर्षानुवर्षं साचलेली थप्पी, मोजके अधिकारी, दोन्हीकडून चिडलेले नागरिक. अशा कार्यालयात ‘प्रथमदर्शनी अपात्र’ हा शेरा म्हणजे केवढा दिलासा असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

डॉर्सेट काउंटी कौन्सिलला पाच अर्जांत सापडला तो नकाशा. २०१० मध्ये, म्हणजे अर्ज दाखल होऊन सहा वर्षांनी, कौन्सिलने ते फेटाळले.

दुप्पट मोठं केलेलं चित्र

अर्जदाराने केलं होतं ते २००४ मध्ये कुणीही केलं असतं. संगणकावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे पुरवणारं सॉफ्टवेअर होतं. त्यातून हवा तो भाग निवडून, हव्या त्या मापाला मोठा करून छापता येत होता. अर्जाला जोडलेले छापील नकाशे १:२५,००० किंवा त्याहून मोठ्या मापाचे होते. फूटपट्टी लावली तर चार सेंटिमीटरला एक किलोमीटर बरोबर भरत होता. पण सॉफ्टवेअरच्या पोटातलं मूळ चित्र १:५०,००० च्या नकाशाचं होतं.

ऑर्डनन्स सर्व्हेचे हे दोन्ही नकाशे ब्रिटनमध्ये घरोघरी असतात, गुलाबी वेष्टनाचा लँडरेंजर १:५०,००० चा आणि नारिंगी वेष्टनाचा एक्सप्लोरर १:२५,००० चा. त्यांच्यातला फरक नुसता आकाराचा नाही. एक्सप्लोररवर शेतांचे बांध दिसतात, लँडरेंजरवर दिसत नाहीत. लँडरेंजर चालवणाऱ्यासाठी आहे, एक्सप्लोरर चालणाऱ्यासाठी. वाट बांधाच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे एक्सप्लोरर सांगतो. लँडरेंजर कितीही मोठा केला तरी नाही सांगत. शिवाय १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. चार-पाच मीटरची पाणंद त्या मापाला खरी काढायची तर केसाएवढी रेष लागेल, म्हणून नकाशाकार ती जाड करून, ठोकळेबाज करून दाखवतो. मोठं करून छापलं की ती जाडीही मोठी होते.

तेव्हा कौन्सिलच्या म्हणण्यात दम नव्हता असं नाही. माप म्हणजे केवळ गुणाकार नव्हे, त्या मापाला साजेसा तपशील त्यात गृहीत असतो. मागाहून ताणलेल्या फोटोला मोठा फोटो म्हणावं का?

याच्या उलट बाजूने विचारता येतं की कायद्याला हवं काय होतं? वाट कुठली ते कळायला हवं होतं. ती कळत होती. नकाशे वाट अचूक दाखवतात, हे तर न्यायालयापुढच्या प्रश्नाच्या शब्दांतच गृहीत धरलेलं होतं.

तीन पायऱ्या

ट्रेल रायडर्स फेलोशिप न्यायालयात गेली. २०१२ मध्ये हायकोर्टात कौन्सिल जिंकली. ‘विहित मापाला काढलेला’ याचा अर्थ मुळात त्या मापाला तयार केलेला, असा तो कौल. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. ‘काढलेला’ आणि ‘तयार केलेला’ यांत इथे फरक करण्याचं कारण नाही, हातातला कागद विहित मापाला आहे ना, मग पुरे. कौन्सिल वर सर्वोच्च न्यायालयात गेली.

तिथे लॉर्ड क्लार्क, लॉर्ड टूल्सन आणि लॉर्ड कार्नवाथ फेलोशिपच्या बाजूने. लॉर्ड न्यूबर्गर, जे तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष होते, आणि लॉर्ड सम्प्शन विरुद्ध. बहुमताच्या मते, संगणकातून निघालेल्या नकाशालाही ‘काढलेला’ म्हणता येतं. मूळ कुठल्या मापाचं होतं याची चौकशी कायदा सांगत नाही. अर्जदाराने कौन्सिलपुढे ठेवलेला नकाशा १:२५,००० किंवा मोठ्या मापाला वाट दाखवतो की नाही, एवढंच पाहायचं. अल्पमताला ते पटलं नाही. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर मोठा केलेला नकाशा हा त्या मापाला काढलेला नकाशा होत नाही.

दुसरा एक प्रश्न पाठीशी उभा होता. समजा नकाशा नियमात बसत नसला, तरी चूक इतकी किरकोळ आहे की सोडून द्यावी, असं म्हणता येईल का? विंचेस्टरच्या कडक शिस्तीला हा थेट हात घालणारा प्रश्न. पण पहिल्याच प्रश्नावर निकाल लागल्यामुळे वाटांचं भवितव्य त्यावर अवलंबून राहिलं नाही. मला विचाराल तर खरी चुटपुट इथे आहे. प्रती जोडायच्या राहिल्या म्हणून हॅम्पशरच्या वाटा गेल्या, आणि नकाशा कसाबसा मापात बसला म्हणून डॉर्सेटच्या तगल्या. दोन्हीकडे वाट मुळात सार्वजनिक गाडीरस्ता होती का, या प्रश्नापर्यंत न्यायालयाला जावं लागलं नाही.

अल्पमत वाचताना माझं मन मात्र डळमळतं, हे कबूल करतो. नकाशाशास्त्र म्हणून ते दोघे मला जास्त बरोबर वाटतात. लँडरेंजर ताणून एक्सप्लोरर होत नाही, हे सह्याद्रीत फोनवरचा नकाशा मोठा करत करत चुकीच्या सोंडेवर चढलेला कुणीही सांगेल. पण इथे वाट शोधायची नव्हती, ती फक्त बोट ठेवून दाखवायची होती.

आणि हेही म्हणायला हवं की चूक टाळता येत होती. दुकानातून नारिंगी वेष्टनाचा नकाशा आणून त्यावर रंगीत पेनाने वाट रेखली असती, तर हे प्रकरण जन्मालाच आलं नसतं. अकरा वर्षं, तीन न्यायालयं आणि दोन्ही बाजूंचा वकिलांचा खर्च, सगळं एका नकाशाच्या किमतीपायी. अर्थात निकाल ठाऊक असताना असं बोलणं सोपं आहे. मुदत तोंडावर आलेली, अर्जांमागून अर्ज तयार करायचे, आणि नियमांतल्या ‘काढलेला’ या शब्दावर कधी सर्वोच्च न्यायालयात काथ्याकूट होईल, हे त्या माणसाच्या स्वप्नातही नसणार.

निकालाने काय दिलं

पाचही अर्ज वैध ठरले. म्हणजे कलम ६७ ची कुऱ्हाड त्या वाटांवर पडली नव्हती. आता कौन्सिलने पुरावा बघून ठरवायचं: ही गाडीवाट होती की नव्हती. होती असं ठरलं तर आदेश काढायचा, त्यावर हरकती आल्या तर शासनाचा निरीक्षक चौकशी करणार, त्यात वाट बायवे ठरू शकते, रिस्ट्रिक्टेड बायवे ठरू शकते किंवा काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयात जिंकून रायडर फक्त सुरुवातीच्या रेषेवर पोचले. त्याच वर्षांत, त्याच पद्धतीने नकाशे छापून अर्ज करणाऱ्या इतरांनाही त्या निकालाचा आधार मिळाला.

बायवे म्हणून नोंद झाली तरी निश्चिंत व्हावं असं नसतं. रोड ट्रॅफिक रेग्युलेशन अ‍ॅक्ट १९८४ खाली वाहतूक नियमनाचा आदेश काढून मोटारींना कायमची, हंगामी किंवा ठरावीक प्रकारच्या वाहनांपुरती बंदी घालता येते. २००६ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांच्या प्राधिकरणांनाही हा अधिकार दिला. रिजवे या प्राचीन वाटेच्या काही भागांवर हिवाळ्यात मोटारींना बंदी असते, आणि ती मला व्यक्तिशः रास्त वाटते. ओल्या खडूवर फेब्रुवारीत गाडी घालण्याचा हट्ट धरणाऱ्याला वाटेपेक्षा हट्टच प्यारा. हक्काची नोंद आणि वापराचं नियमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ च्या कायद्यावरचा रायडरांचा राग हाच, की जिथे नियमन पुरलं असतं तिथे हक्कच पुसला.

आपल्याकडच्या रायडरांना यातलं काय लागू पडतं, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मित्रांनी विचारला तर माझं उत्तर फार लांब नसतं. आपल्या डोंगरातल्या कच्च्या वाटा वनखात्याच्या हद्दीत असतात, गायरानात असतात, कुणाच्या बांधावरून जातात किंवा गाव नकाशावरच्या खऱ्या गाडीवाटा असतात. या चार प्रकारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि रविवारी सकाळी गाडीवरून तो दिसत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेताच्या हद्दीवरून जो रस्ता मिळतो तो शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. तो आपल्यासाठी नाही. गाव नकाशा मात्र तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात कुणालाही पाहायला मिळतो. किती रायडिंग ग्रुपांनी तो पाहिलाय, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

चालणाऱ्यांची पाळी

डॉर्सेटचा निकाल लागून आठच दिवस झाले होते. २६ मार्च २०१५ रोजी ब्रिटनमध्ये डिरेग्युलेशन अ‍ॅक्टला राजमान्यता मिळाली, ज्यात वाटांच्या नोंदणीची रीत बदलणारी कलमं होती. त्यांच्या मागे २००० च्या एका कायद्यातली तारीख होती: १९४९ पूर्वीच्या ज्या पायवाटा आणि घोडेवाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर नोंदल्या जाणार नाहीत, त्यांचे हक्क संपणार. मोटारींना २००६ मध्ये जे भोगावं लागलं, त्याच धाटणीचं, फक्त वीस वर्षांनी आणि पायी चालणाऱ्यांसाठी.

ट्रेल रायडरांना ज्यांची सहानुभूती क्वचितच मिळाली होती, ती चालणाऱ्यांची रॅम्बलर्स ही मोठी संघटना आता त्याच खिडकीसमोर उभी राहिली. २०२० मध्ये त्यांनी हजारो स्वयंसेवकांना घरी बसून जुने आणि नवे नकाशे पडद्यावर शेजारी-शेजारी ताडून पाहायला लावलं. इंग्लंड आणि वेल्सचे एकेक चौरस किलोमीटरचे तुकडे करून, जुन्यात असलेली आणि नव्यात नसलेली प्रत्येक वाट टिपायची. ४९,००० मैलांहून जास्त हरवलेल्या वाटा निघाल्या. मुदत पुढे २०३१ वर गेली, आणि २०२४ च्या अखेरीस नव्या सरकारने ती रद्दच करण्याचा इरादा जाहीर केला.

१ एप्रिल २०१९ रोजी डॉर्सेट काउंटी कौन्सिल बरखास्त होऊन तिच्या जागी डॉर्सेट कौन्सिल आली. पाटी बदलली. डेफिनिटिव्ह मॅप आणि दुरुस्तीच्या अर्जांची रांग नव्या कौन्सिलच्या वाट्याला आली. त्या रांगेत आजही अर्ज करायचा तर सोबत वाट दाखवणारा नकाशा जोडावा लागतो, माप १:२५,००० पेक्षा लहान नाही.